‘एव्हिडन्स’ या एका शब्दावर पारखलेला ऑक्सफर्डचा अकॅडमिक इंग्रजी कोश

मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यावर पुढे इंग्रजीत प्रबंध लिहिण्याची वेळ आली, की त्याची अडचण शब्दसंग्रहाची आहे असे सर्रास म्हटले जाते आणि उपाय म्हणून त्याच्या हाती शब्दांच्या याद्या दिल्या जातात. अशा विद्यार्थ्यांची प्रकरणे आणि शोधनिबंध छपाईआधी वाचून दुरुस्त करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे मला हे निदान अपुरे वाटते. शब्द या मुलांना ठाऊक असतात, विचारले तर त्यांचे मराठी अर्थही बिनचूक सांगता येतात. घोडे अडते ते तो शब्द स्वतःच्या वाक्यात बसवताना. तो कोणत्या क्रियापदाबरोबर चालतो, त्याच्यापुढे कोणते प्रिपोझिशन लागते, त्याचे अनेकवचन होते की नाही आणि तो वापरल्याने आपण नेमका केवढा दावा करून बसलो, हे सांगणारे पुस्तक त्यांच्यापाशी नसते. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी ऑफ अकॅडमिक इंग्लिश’ ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. मी हा कोश छापील आणि संकेतस्थळावरचा, अशा दोन्ही रूपांत वापरतो. जाड कोशाचे परीक्षण वरवरचे होण्याचा धोका असतो, म्हणून येथे तो मुख्यतः एकाच शब्दावर पारखला आहे. तो शब्द म्हणजे ‘एव्हिडन्स’.

हा शब्द निवडण्यामागे कारण आहे. इतिहास, वैद्यक, अर्थशास्त्र, कायदा, शिक्षणशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाचा प्रबंध त्याच्यावाचून पुरा होत नाही. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी ऑफ वेलिंग्टनमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ या यादीतही तो पहिल्याच उपयादीत आहे. तेथे त्याचे शब्दकुटुंब, म्हणजे एकाच मुळापासून झालेल्या शब्दांचा गट, ‘एव्हिडंट’ या विशेषणाच्या नावाने नोंदवले असले, तरी त्या कुटुंबात सर्वाधिक वापरले जाते ते ‘एव्हिडन्स’ हे नाम. पण त्या यादीकडे नंतर येऊ.

माझ्यासमोर येणाऱ्या प्रकरणांत एक वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या विषयांत आढळते, की ते कोणा एकाचे राहिलेले नाही : ‘द एव्हिडन्सेस प्रूव्ह दॅट...’. या चार शब्दांत दोन दोष आहेत. पहिला सोपा आहे. मराठीत ‘पुरावा’ या शब्दाचे ‘पुरावे’ होते, त्यामुळे मनात मराठीत जुळवलेले वाक्य इंग्रजीत उतरताना ‘एव्हिडन्स’चे ‘एव्हिडन्सेस’ होणे अगदी स्वाभाविक आहे. कोश नोंदीच्या आरंभीच, शब्दजातीच्या लगेच पुढे, हे नाम अगणनीय असल्याचे सांगतो. मोजायची वेळ आलीच, तर ‘पीस ऑफ एव्हिडन्स’ ही रचना आहे, आणि अनेक अभ्यासांतून साठत गेलेल्या पुराव्यासाठी ‘बॉडी ऑफ एव्हिडन्स’ हा प्रयोग आहे. जुन्या पिढीतील एखाद्या प्राध्यापकांनी ‘एव्हिडन्सेस’ लिहिले असेल, तर ते त्यांनी मनाने रचलेले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. विल्यम पेली यांच्या १७९४ च्या गाजलेल्या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या नावातच हे अनेकवचन आहे. आजच्या शास्त्रीय गद्यातून मात्र ते जवळजवळ हद्दपार झाले आहे, आणि कोश आजच्या गद्याचा आहे. ‘रिसर्च’, ‘इन्फर्मेशन’ आणि ‘इक्विपमेंट’ या नामांचीही गोष्ट हीच आहे, आणि आपल्याकडील प्रबंधांत त्यांचीही अनेकवचने मुबलक आढळतात.

दुसरा दोष खोलवरचा आहे, आणि या कोशाची खरी किंमत मला तेथे कळली. ‘एव्हिडन्स’च्या नोंदीत या नामाबरोबर कर्ता म्हणून कोणती क्रियापदे येतात हे दाखवलेले आहे : ‘सजेस्ट’, ‘इंडिकेट’, ‘सपोर्ट’, ‘शो’. म्हणजे पुरावा सुचवतो, दर्शवतो, पाठबळ देतो, दाखवतो. ‘प्रूव्ह’ हे क्रियापद शास्त्रीय लेखनात ‘एव्हिडन्स’च्या वाट्याला क्वचित येते, कारण त्या लेखनाच्या रिवाजात सिद्धता ही गणित आणि तर्कशास्त्र यांची मिरास मानली जाते, तर निरीक्षणातून आणि प्रयोगातून हाती येतो तो केवळ आधार, कमी किंवा अधिक वजनाचा. मराठीत ‘पुराव्यानिशी शाबीत करणे’ हा प्रयोग इतका मुरलेला आहे, की पुरावा दिला म्हणजे विषय मिटला असा भाव त्याला चिकटलेला असतो. ‘माझ्याकडे पुरावा आहे’ असे कोणी म्हटले, तर पुढे वाद घालणारा गप्प बसतो. ‘देअर इज सम एव्हिडन्स’ असे इंग्रजी संशोधक म्हणतो तेव्हा तो वाद मिटवत नसतो, त्यात एक वजन टाकत असतो.

त्या नामाआधी येणाऱ्या विशेषणांची रांग पाहिली, की हे अधिकच स्पष्ट होते. ‘स्ट्राँग’, ‘कम्पेलिंग’, ‘कन्व्हिन्सिंग’, ‘क्लिअर’ या एका टोकाच्या, तर ‘लिमिटेड’, ‘वीक’, ‘स्कँट’ या दुसऱ्या टोकाच्या. ‘एम्पिरिकल’, ‘एक्सपेरिमेंटल’, ‘ॲनेक्डोटल’ ही पुराव्याची जात सांगणारी, आणि ‘कॉन्फ्लिक्टिंग’ म्हणजे एकमेकांविरुद्ध जाणारा. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला यांपैकी ‘स्ट्राँग’ तेवढे सुचते, आणि मग त्याच्या प्रबंधातील प्रत्येक पुरावा भक्कम होऊन बसतो. परीक्षकाला त्यातून विद्यार्थ्याचे इंग्रजी कच्चे दिसत नाही, त्याचा विवेक कच्चा दिसतो, आणि ते अधिक नुकसानीचे आहे. वैद्यकात तर पुराव्याच्या या पायऱ्या रीतसर ठरवून दिलेल्या आहेत. उपचारांच्या शिफारशी करताना जगभर वापरली जाणारी ‘ग्रेड’ ही पद्धत पुराव्याची खात्री उच्च, मध्यम, कमी आणि अत्यंत कमी अशा ४ पातळ्यांत मांडते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ‘लो’ दर्जाच्या पुराव्याला ‘प्रूव्ह्ड’ म्हणणे ही भाषेची चूक राहत नाही, ती औषधाची चूक होते. १९९५ मध्ये डग्लस आल्टमन आणि मार्टिन ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका छोट्या टिपणात, पुरावा न सापडणे म्हणजे परिणाम नसल्याचा पुरावा सापडणे नव्हे, हा भेद डॉक्टरांपुढे ठेवला. तो भेद इंग्रजीत ‘नो एव्हिडन्स ऑफ’ आणि ‘एव्हिडन्स ऑफ नो’ एवढ्या शब्दक्रमाच्या फरकावर उभा आहे, आणि घाईत लिहिणाऱ्याकडून तो हमखास पुसला जातो.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, हा विचार भाषाशास्त्रात ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याकडे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ म्हणतात, ते शब्दांनाही लागू पडते. हा कोश त्या विचारावर रचलेला आहे. ऑक्सफर्डने पाठ्यपुस्तके, संशोधन नियतकालिके आणि अन्य शास्त्रीय लेखन यांतून साडेआठ कोटी शब्दांचा एक संग्रह तयार केला आणि कोशातील उदाहरणे व शब्दसंगती त्या संग्रहातून घेतली. कोशात २२,००० शब्द, वाक्प्रयोग आणि अर्थ आहेत. स्वयंपाकघर, प्रवास, कपडेलत्ते यांच्या शब्दांना त्यात जागा नाही, आणि म्हणून सामान्य कोशात अर्ध्या स्तंभात उरकलेल्या ‘एव्हिडन्स’सारख्या शब्दाला येथे ऐसपैस जागा मिळते. उदाहरणे सपक नाहीत. ती खऱ्या शास्त्रीय लेखनातील असल्यामुळे एकाच नोंदीत प्राणिशास्त्राचे वाक्य आणि समाजशास्त्राचे वाक्य शेजारी येतात, आणि शब्द कोणत्या विषयात कसा वागतो याचा अंदाज आपोआप बांधता येतो.

प्रत्यक्ष वापर कसा होतो ते एका उदाहरणाने दाखवतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद हे प्रसिद्ध ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. १९७४ मध्ये तेथे एका स्थानिक शेतकऱ्याला चार कांस्यमूर्ती सापडल्या : दोन बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. या मूर्ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील आहेत असे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांचे मत आहे, पण ते परिस्थितिजन्य पुराव्यावर आधारलेले आहे. उलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या विश्लेषणावरून शंका घेतली. या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण १ टक्क्याहून अधिक आहे आणि ताम्रपाषाणयुगातील इतर वस्तूंत अशी मिश्रधातू आढळत नाही, तेव्हा त्या पुढच्या ऐतिहासिक काळातील असाव्यात, असे त्यांचे म्हणणे.

आता हे एका वाक्यात इंग्रजीत मांडायचे आहे, असे समजा. कच्च्या मसुद्यात ‘देअर आर मेनी एव्हिडन्सेस विच प्रूव्ह दॅट द ब्राँझेस आर हडप्पन’ असे येते. कोश उघडून बसले, की एकेक शब्द बदलू लागतो. अनेकवचन जाते. ‘मेनी’ जाऊन पुराव्याची जात सांगणारे ‘सर्कमस्टॅन्शियल’ येते. ‘प्रूव्ह’च्या जागी ‘सजेस्ट’ येते. दुसऱ्या बाजूचा दाखला देण्यासाठी ‘कॉन्फ्लिक्टिंग एव्हिडन्स’ हाती लागते, आणि शेवटी वाक्य असे होते : ‘सर्कमस्टॅन्शियल एव्हिडन्स सजेस्ट्स अ लेट हडप्पन डेट, बट मेटलर्जिकल ॲनॅलिसिस हॅज प्रोड्यूस्ड कॉन्फ्लिक्टिंग एव्हिडन्स’. पहिले वाक्य व्याकरणाच्या बाबतीत दुरुस्त करून भागले नसते, कारण ते मुळात खोटे होते. अभ्यासकांमध्ये मतभेद असताना ते मतैक्य सांगत होते. शब्दाचे सोबती शोधता शोधता लेखक विषयाशी प्रामाणिक होतो, हा अनुभव मला या कोशाने पुनःपुन्हा दिला आहे आणि त्यासाठी मी त्याच्या संपादकांचा ऋणी आहे.

प्रिपोझिशनच्या बाबतीतही मराठी लेखकाची अडचण कोश अचूक हेरतो. ‘चा पुरावा’ या एकाच मराठी रचनेसाठी इंग्रजीत ‘एव्हिडन्स ऑफ’ आणि ‘एव्हिडन्स फॉर’ अशा दोन वाटा आहेत. एखादी गोष्ट अस्तित्वात असल्याची खूण सांगायची असेल तर साधारणपणे ‘ऑफ’ येते : वस्तीची, झीज झाल्याची, संसर्गाची खूण. एखाद्या मताला, सिद्धान्ताला किंवा गृहीतकाला पाठबळ देणारा आधार असेल तर ‘फॉर’ येते, आणि त्याच्या उलट बाजूला ‘अगेन्स्ट’. ही सीमारेषा पक्की नाही, बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतात. पण कोशातील उदाहरणे सलग वाचली की कान तयार होतो. पूर्ण वाक्य जोडायचे असेल तर ‘दॅट’ लागते. ‘एव्हिडन्स अबाउट’ला आपली मुले फार जवळ करतात; ते चूक नाही, पण त्याचा अर्थ ‘त्या विषयाशी संबंधित पुरावा’ एवढाच ढोबळ राहतो आणि पुराव्याची दिशा कळत नाही.

‘एव्हिडन्स’ क्रियापद म्हणूनही वापरतात, हे पुष्कळांना या कोशातच प्रथम कळेल. ‘ॲज एव्हिडन्स्ड बाय’ हा प्रयोग शोधनिबंधांत चांगला रुळलेला आहे. ‘इन एव्हिडन्स’ हा वाक्प्रचार ‘ठळकपणे दिसणे’ या अर्थाचा. न्यायालयातील अर्थ वेगळ्या क्रमांकाने दिला आहे, आणि तेथे ‘गिव्ह एव्हिडन्स’ म्हणजे साक्ष देणे. आपल्याकडे शोधनिबंधात ‘द ऑथर गिव्ह्ज एव्हिडन्स’ लिहिले जाते तेव्हा इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांसमोर साक्षीदाराचा पिंजरा येण्याची शक्यता असते. तेथे ‘प्रोव्हाइड्स’ किंवा ‘प्रेझेंट्स’ बरे.

कायद्याच्या या अर्थापाशी कोश मात्र लवकर थांबतो. तो भारतीय न्यायव्यवहारासाठी तयार केलेला नाही, तेव्हा हा दोष म्हणून सांगत नाही. पण विधी शाखेच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर विसंबू नये. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात ‘एव्हिडन्स’ आणि ‘प्रूव्ह्ड’ यांच्या व्याख्या स्वतंत्रपणे दिल्या होत्या. न्यायालयासमोर साक्षीदारांनी केलेली निवेदने आणि सादर झालेले दस्तऐवज हे ‘एव्हिडन्स’. आणि ते विचारात घेतल्यावर, ती वस्तुस्थिती खरी मानून समंजस माणसाने वागावे इतकी ती संभवनीय वाटली, म्हणजे ती ‘प्रूव्ह्ड’. म्हणजे वाक्यात ‘प्रूव्ह’ करणारा पुरावा नव्हे, त्यावरून निष्कर्ष काढणारे न्यायालय. १ जुलै २०२४ पासून या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने हा शब्द शिकायचा तो अधिनियमाच्या व्याख्याकलमापासून आणि विधी शब्दावलीपासून. ऑक्सफर्डचा कोश त्याला पूरक म्हणून चालेल.

येथे त्या यादीचा विषय घेतो. कॉक्सहेड यांनी २८ विषयशाखांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीतील सुमारे २,००० सर्वसामान्य शब्द वगळून उरलेल्यांतून ही कुटुंबे निवडलेली आहेत, आणि शास्त्रीय मजकुरातील सुमारे १० टक्के शब्द त्यांतून येतात. कोशात हे शब्द खास खुणेने दाखवलेले आहेत. नवशिक्याला त्याचा उपयोग होतो : वाचताना अडलेला शब्द खुणेचा असेल तर तो पुढे वारंवार भेटणार आहे, तेव्हा त्यावर अर्धा तास घालवणे वाया जाणार नाही. पण आपल्याकडे शिकवणी वर्गांत आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीत ही यादी मराठी अर्थांसह पाठ करून घेतली जाते, ते मला मान्य नाही. केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ मध्ये याच यादीविषयी आक्षेप घेतला, की एकच शब्द निरनिराळ्या शाखांत निरनिराळ्या अर्थाने आणि निरनिराळ्या संगतीने येतो, तेव्हा सर्वांना पुरणारा एक शास्त्रीय शब्दसंग्रह कल्पिणे धोक्याचे आहे. ‘एव्हिडन्स’ याचे उत्तम उदाहरण आहे. वैद्यकातला पुरावा रुग्णांच्या चाचण्यांतून येतो, इतिहासातला अस्सल कागदांतून, कायद्यातला साक्षीतून, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे वजन करण्याच्या रीती वेगळ्या आहेत. शब्द त्याच्या वाक्यासह दाखवणारा हा कोश त्या आक्षेपाला यादीपेक्षा बरे उत्तर देतो. पूर्ण उत्तर तोही देत नाही, कारण कोणते उदाहरण कोणत्या शाखेचे हे वाचकाला मजकुरावरूनच ओळखावे लागते.

आपल्याकडचे इंग्रजी-मराठी कोश या कामाला का पुरत नाहीत, असे कोणी विचारील. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशापासून महाराष्ट्र शासनाच्या परिभाषा कोशांपर्यंत आपली परंपरा मोठी आहे आणि तिचा मला आदर आहे. पण त्या कोशांचे काम प्रतिशब्द देण्याचे, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येणाऱ्याला हात देण्याचे आहे. मराठीतून इंग्रजीत लिहिणाऱ्याचा प्रवास उलट दिशेचा आहे. ‘पुरावा’, ‘साक्ष’, ‘दाखला’, ‘आधार’, ‘प्रमाण’ यांपैकी कोणता शब्द मनात असताना ‘एव्हिडन्स’ वापरावा आणि कोणत्या वेळी ‘सपोर्ट’, ‘टेस्टिमनी’ किंवा ‘प्रूफ’ वापरावा, हे सांगणारा मराठी लेखकांसाठीचा कोश अजून कोणी केला पाहिजे. ऑक्सफर्डचा कोश जगातील सर्व परभाषकांसाठी एकच आहे. मराठी माणूस नेमका कोठे घसरतो हे त्याच्या संपादकांना माहीत असण्याचे कारण नाही.

ऑक्सफर्डच्या परभाषकांसाठीच्या इंग्रजी कोशांची ही परंपरा ए. एस. हॉर्नबी यांच्यापासून सुरू होते. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये तोक्योत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. त्याचाच वंशज असलेला ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश पुष्कळ घरांत असतो. तो ज्यांच्याकडे आहे त्यांनी पदवीपर्यंत वेगळा खर्च करू नये. त्यातील ‘एव्हिडन्स’ची नोंदही चांगली आहे. ऑक्सफर्डचाच स्वतंत्र शब्दसंगती-कोश ज्यांच्यापाशी आहे त्यांना तेथे विशेषणांची आणि क्रियापदांची याहून लांब रांग मिळेल, पण तेथे व्याख्या फारशा नाहीत आणि शास्त्रीय लेखनात न शोभणारे प्रयोगही मिसळलेले आहेत. प्रबंध, शोधनिबंध किंवा परदेशी विद्यापीठासाठीचा निबंध लिहायला बसलेल्या माणसाला मात्र मी अकॅडमिक कोशच सुचवतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. छापील प्रतीत अगणनीय नामाची खूण चौकटी कंसातले एक अक्षर एवढीच आहे. ज्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी चूक नेमकी तेथे होते, त्याची नजर त्यावरून सहज निसटते. अशा नामांपाशी एखादी ठळक सूचना जास्त उपयोगी पडली असती. शब्दाची व्युत्पत्ती कोशात नाही, हे मला खटकते. ‘एव्हिडन्स’च्या मुळाशी ‘पाहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे, हे एकदा सांगितले की ‘एव्हिडंट’चा अर्थ ‘उघड दिसणारे’ असा का होतो आणि ‘एव्हिडंटली’ काय करते हे विद्यार्थ्याच्या कायमचे लक्षात राहते. त्यासाठी दोन ओळी पुरल्या असत्या. छापील प्रतीबरोबर दिलेली सीडी-रॉम आजच्या लॅपटॉपवर चालवायला खाचच नसते, त्यामुळे तिच्यातील ‘आयरायटर’ हे लेखनाचे साधन बहुतेकांच्या दृष्टीने असून नसल्यासारखे आहे. किंमत विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे. २०१४ नंतरच्या दहा-बारा वर्षांत शास्त्रीय लेखनात आलेले नवे शब्द त्यात शोधू नयेत, हेही ओघाने आले. ‘एव्हिडन्स’सारख्या पायाभूत शब्दांना त्याने फरक पडत नाही.

छापील प्रतीतील ४८ पानांचा लेखन-मार्गदर्शक विभाग मला फार आवडतो, आणि त्याची आठवण करून न देता हे परीक्षण पुरे होणार नाही. निबंध, अहवाल, संदर्भसाहित्याचा आढावा अशा लेखनप्रकारांचे नमुने देऊन त्यांतील वाक्यरचना समासात उलगडून दाखवल्या आहेत. पुरावा मांडावा कसा, त्याची मर्यादा कबूल करावी कशी, दुसऱ्याच्या मताशी आदराने असहमत व्हावे कसे, यांची वाक्ये तेथे तयार मिळतात. अशी वाक्ये उचलणे म्हणजे वाङ्मयचौर्य, अशी भीती अलीकडे विद्यार्थ्यांत फार पसरली आहे, आणि ती अनाठायी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्यतपासणीतून सामान्य संज्ञा वगळल्या आहेत आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे किंवा सर्वज्ञात शब्दप्रयोगही धरायचे नाहीत, असे म्हटले आहे. ‘देअर इज अ ग्रोइंग बॉडी ऑफ एव्हिडन्स टु सजेस्ट दॅट’ हे कोणाच्याही मालकीचे वाक्य नाही. ते त्या भाषेचे आहे. त्यापुढे ‘दॅट’नंतर जे येईल ते विद्यार्थ्याचे स्वतःचे असले पाहिजे, एवढेच.

घ्यावा कसा, याविषयी. ऑक्सफर्डच्या शिकाऊंसाठीच्या कोशांच्या संकेतस्थळावर हा कोश विनामूल्य पाहता येतो. शोधाच्या चौकटीपाशी अकॅडमिक कोश निवडून शब्द टाकावा, नाहीतर सामान्य कोशाची नोंद समोर येते. उच्चार ऐकण्याची सोयही तेथे आहे. रोजच्या शंकांना एवढे पुरते. लेखन-मार्गदर्शक विभागासाठी आणि एका शब्दाजवळचे दुसरे शब्द नजरेखालून जावेत यासाठी छापील प्रत लागते. ती प्रत्येकाने विकत घ्यावी असे नाही, पण पीएच.डी.ची केंद्रे असलेल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी वाचनकक्षात तिच्या दोन प्रती तरी ठेवाव्यात आणि त्या कपाटात बंद न करता टेबलावर ठेवाव्यात.